वार्तापत्र निघालं की दर वेळी सर्व्हर बसतो: दुखणं कुठे आहे आणि कायमचा इलाज काय

महिन्याची पहिली तारीख, दिवाळी अंकाची घोषणा, वार्षिक सभेची सूचना. वीस-पंचवीस हजार सभासदांना ईमेल जायचं असतं आणि नेमका त्याच दिवशी सर्व्हर बसतो. संकेतस्थळ उघडत नाही, देणगीच्या पावत्या निघत नाहीत, पासवर्ड बदलायची लिंक चार तासांनी येते. कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं आणि तासाभरात पुन्हा तेच सुरू होतं. मग बैठकीत मोठा सर्व्हर घ्यायचं ठरतं. पैसे खर्च होतात आणि पुढच्या महिन्यात तो मोठा सर्व्हरही बसतो.

तो बसणारच, कारण २५,००० ही संख्या मुळात मोठी नाही. सहा तासांत २५,००० म्हणजे सेकंदाला सव्वा ईमेलसुद्धा होत नाही. दोन कोअरची साधी व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) हे काम दिवसभर न दमता करू शकते. सगळं बिघडतं ते ही पत्रं एका दमात बाहेर ढकलल्यामुळे, आणि समोरचा सर्व्हर ‘जरा थांब’ म्हणत असताना आपण ते न ऐकल्यामुळे. या दोन सवयी बदलल्या की दुखणं परतत नाही.

पुढचं सगळं लिनक्सवरचं पोस्टफिक्स (ईमेल पाठवणारा प्रोग्राम) आणि पीएचपी या भाषेतली स्क्रिप्ट धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या संस्थांच्या सर्व्हरवर ही जोडी सर्रास दिसते. तुमच्याकडे पोस्टफिक्सऐवजी एक्झिम असेल तर सेटिंगची नावं बदलतील, तर्क तोच राहील.

आत्ता सर्व्हर अडकलेला असेल तर

आधी पत्रं तयार करणारी स्क्रिप्ट थांबवा. क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या यादीतली) तिची ओळ बंद करा आणि चालू असलेली प्रोसेस शोधून मारा. पोस्टफिक्सला मात्र हात लावू नका. ते बंद केलं तर पावत्या आणि ओटीपीही थांबतील, आणि स्क्रिप्ट जिवंत असेल तर ती आपली नवी पत्रं आत टाकतच राहील.

दुसरं, क्यू (पाठवायच्या पत्रांची रांग) जबरदस्तीने फ्लश करू नका, म्हणजे अडकलेली सगळी पत्रं लगेच पुन्हा पाठवायला लावू नका. अडकलेली पत्रं पुन्हा पुन्हा फ्लश केली की बाकीच्या सगळ्या पत्रांचा वेग मंदावतो, हा इशारा पोस्टफिक्सच्या मॅन्युअलमध्येच दिलेला आहे. समोरच्याने ‘नंतर या’ सांगितलेलं असताना दर पाच मिनिटांनी दार वाजवलं तर आपली पत आणखी खाली जाते.

आणि घाबरून सगळी क्यू पुसून टाकू नका. त्या ढिगात कुणाची तरी करसवलतीसाठी लागणारी देणगीची पावती असते, कुणाचा तरी प्रवेश निश्चित झाल्याचा निरोप असतो. वार्तापत्र वेगळ्या पत्त्यावरून जात असेल तर मेलक्यू या आज्ञेने दिसणाऱ्या यादीतून त्या पत्त्याचे क्यू-क्रमांक गाळून काढा आणि पोस्टसुपर या आज्ञेने तेवढीच पत्रं होल्डवर ठेवा. होल्डमधलं पत्र हरवत नाही, फक्त पोस्टफिक्स ते पाठवायला जात नाही. वाट मोकळी झाली की मागे ताटकळलेल्या पावत्या निघू लागतात. वार्तापत्र आणि पावत्या एकाच पत्त्यावरून जात असतील तर ही निवड करणं फार कठीण होतं. म्हणून आजच दोघांचे पत्ते वेगळे करा.

क्यू काय सांगते आहे

लोड किती चढलाय हे टॉप ही आज्ञा दाखवते, पण का चढलाय ते कळत नाही. त्यासाठी पोस्टफिक्ससोबत क्यूशेप नावाचं साधन येतं आणि बरेच जण ते कधी उघडतच नाहीत. कोणत्या डोमेनची किती पत्रं किती वेळ पडून आहेत, याचा तक्ता ते देतं: ५ मिनिटं, १०, २०, ४० असं वाढत १२८० मिनिटांच्याही पुढे.

इनकमिंग क्यू (नुकतीच आत आलेली पत्रं) फुगली असेल तर स्क्रिप्टचा वेग पोस्टफिक्सच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. बहुधा डिस्क दमलेली असते, कारण पत्र डिस्कवर नीट लिहून झाल्याशिवाय पोस्टफिक्स ‘मिळालं’ असं म्हणत नाही. म्हणजे प्रत्येक पत्रामागे डिस्कवर सक्तीचं लिखाण आलं.

ॲक्टिव्ह क्यू (आत्ता पाठवली जात असलेली पत्रं) फुगली असेल आणि तिच्यात एकाच डोमेनची पत्रं असतील, तर तो डोमेन हळू घेतो आहे. या क्यूला मूळ सेटिंगप्रमाणे २०,००० पत्रांची मर्यादा असते. ती एका हळू डोमेनने भरली की बाकीच्यांची पत्रं बाहेर थांबतात. टोलनाक्यावर एका बंद लेनची रांग रस्ताभर पसरली की मोकळ्या लेनकडे जाणाऱ्या गाडीलाही वाट मिळत नाही, तसंच. पावत्या चार तास का अडकल्या, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

डिफर्ड क्यूमध्ये (तात्पुरता नकार मिळून थांबलेल्या पत्रांत) एकाच मोठ्या डोमेनचा ढीग असेल तर त्याने आपल्याला अडवलं आहे. तिथे शेकडो लहानसहान, चुकीच्या स्पेलिंगचे डोमेन दिसत असतील तर यादी घाण आहे.

त्यानंतर लॉग बघा. प्रत्येक पत्राच्या ओळीत ‘डिलेज’ असं लिहून चार आकडे दिलेले असतात: क्यू मॅनेजरपर्यंत पोचायला लागलेला वेळ, क्यू मॅनेजरकडे गेलेला वेळ, समोरच्याशी जोडणी व्हायला लागलेला वेळ, आणि पत्र पोचवायला लागलेला वेळ. दुसरा आकडा मोठा असेल तर आपल्याच क्यूत गर्दी आहे. तिसरा मोठा असेल तर डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) किंवा समोरचा सर्व्हर संथ आहे. डीएनएसचा संशय असेल तर सर्व्हरवरच अनबाउंडसारखा कॅशिंग रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं लक्षात ठेवणारा प्रोग्राम) बसवा.

आणखी एक जागा सहसा कुणी तपासत नाही. बाहेर जाणारी पत्रंही अमाविसमार्गे व्हायरस आणि स्पॅमच्या तपासणीतून जात असतील, तर तोच एक मजकूर २५,००० वेळा तपासला जातो. सीपीयू शंभर टक्क्यांवर अडकायला तेवढं एकच कारण पुरतं. वार्तापत्राला त्या चाळणीतून वगळा.

‘पाठवा’ या बटणामागे काय घडतं

मूळ कारण माझ्या मते इथेच असतं. ॲडमिन पॅनेलवर एक बटण असतं. ते दाबलं की पीएचपी पत्ते वाचते, लूप फिरवते आणि एकेक ईमेल पाठवते. मिनिटभरात एनजिनेक्स (वेब सर्व्हर) वाट पाहणं सोडतं, कारण त्याची मूळ मर्यादा ६० सेकंदांची असते, आणि पडद्यावर ५०४ ची चूक दिसते. समोर बसलेल्या कार्यकर्त्याला वाटतं की काम झालंच नाही. तो पुन्हा बटण दाबतो.

पण पहिला लूप मेलेला नसतो. पीएचपीची ३० सेकंदांची मर्यादा लिनक्सवर नेटवर्कची वाट बघण्यातला वेळ मोजत नाही, त्यामुळे तो मागे शांतपणे चालूच असतो. आता दोन लूप एकच यादी पहिल्यापासून पाठवत असतात. तिसऱ्यांदा बटण दाबलं तर तीन. सभासदांना तेच पत्र तीनदा मिळतं, काही जण चिडून ‘स्पॅम’ दाबतात, आणि पुढच्या महिन्याची अडचण तिथेच तयार होते. यात कार्यकर्त्याचा काही दोष नाही. जे बटण दोनदा दाबल्यावर नुकसान होतं, ते बटण चुकीचं बांधलेलं आहे.

म्हणून बटणाने ईमेल पाठवायचंच नाही. त्याने डेटाबेसमध्ये ओळी घालायच्या आणि लगेच परत यायचं. प्रत्येक ओळीत अंकाचा क्रमांक, सभासदाचा पत्ता आणि स्थिती: ‘बाकी’, ‘घेतलं’, ‘गेलं’, ‘फसलं’. अंकाचा क्रमांक आणि पत्ता मिळून युनिक की लावा. मग बटण दहा वेळा दाबलं तरी त्या सभासदाची दुसरी ओळ तयार होऊच शकत नाही. या एका कीने जितका त्रास वाचतो तितका दुसऱ्या कुठल्याही सेटिंगने वाचत नाही.

पाठवायचं काम कमांड लाइनवर चालणारा वेगळा वर्कर करतो. क्रॉन त्याला दर मिनिटाला उठवतो, तो शंभरेक ओळी उचलतो, त्या ‘घेतलं’ करतो आणि पाठवतो. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून क्रॉनच्या ओळीला फ्लॉक लावा. दोन वर्कर मुद्दाम चालवायचे असतील तर ओळी उचलताना ‘स्किप लॉक्ड’ वापरा, म्हणजे एकाने धरलेली ओळ दुसरा घेणार नाही. ही सोय मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आणि पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे. पीएचपीमेलर ही ईमेल पाठवायची लायब्ररी वापरत असाल तर ‘कीप अलाइव्ह’ चालू करा, नाहीतर प्रत्येक पत्रासाठी नवी जोडणी होते.

वर्कर मध्येच मेला तर ‘घेतलं’ स्थितीत अडकलेल्या ओळींचं काय करायचं? वार्तापत्र असेल तर त्या आपोआप पुन्हा पाठवू नका. लॉग पाहून ठरवा. एखाद्याला अंक न मिळणं हे दोनदा मिळण्यापेक्षा बरं. पावतीच्या बाबतीत नेमकं उलट: दोनदा गेली तरी चालेल, पण गेलीच पाहिजे.

आणि वर्करने प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला दोन गोष्टी तपासाव्यात: डिफर्ड क्यूत किती पत्रं आहेत आणि सर्व्हरचा लोड किती आहे. डिफर्डमध्ये हजाराच्या वर साचलं असेल, किंवा लोड कोअरच्या संख्येपेक्षा जास्त असेल, तर ही फेरी सोडून द्यायची. पंधरा ओळींचा कोड आहे, पण रात्री दोन वाजता तुमच्या वतीने जागा राहणारा तोच असतो.

डोमेनप्रमाणे वेग

आपल्याकडच्या याद्यांत बहुतेक पत्ते जीमेलचे असतात. पोस्टफिक्स मूळ सेटिंगप्रमाणे एका डोमेनशी एका वेळी २० जोडण्यांपर्यंत जातं. ज्या आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) महिनाभर रोज पन्नास पत्रं जात होती तिथून अचानक असा लोंढा आला तर जीमेल ४२१ हा कोड देऊन थांबवतं आणि सांगतं की या आयपीवरून नेहमीपेक्षा वेगळ्या वेगाने पत्रं येत आहेत.

चारने सुरू होणारा कोड म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. चार मिळाल्यावर पोस्टफिक्स पत्र डिफर्डमध्ये टाकतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे ३०० ते ४००० सेकंदांच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करतं. वीस हजार पत्रं एकाच वेळी डिफर्ड झाली तर ती परतही झुंडीनेच येतात. पुन्हा ४२१, पुन्हा डिफर्ड. सर्व्हर दिवसभर धापा टाकतो आणि बाहेर मात्र जवळजवळ काहीच जात नाही.

यावर उपाय म्हणजे पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलीत वार्तापत्रासाठी वेगळा ट्रान्सपोर्ट (पत्रं बाहेर नेण्याचा मार्ग) तयार करा आणि ट्रान्सपोर्ट मॅपमधून जीमेल, याहू, आउटलुक यांची पत्रं तिकडे वळवा. त्या ट्रान्सपोर्टला ‘डेस्टिनेशन रेट डिले’ एक सेकंद द्या. मग प्रत्येक डोमेनला एका वेळी एकच जोडणी आणि दोन पत्रांत एक सेकंदाचं अंतर. वीस हजार जीमेल पत्त्यांना किमान साडेपाच तास लागतात. सकाळी सातला सुरू केलं तर त्याच दिवशी झालं. वार्तापत्राला याहून घाई कशाला हवी?

इथे एक बारकावा आहे. हा वेग डोमेनच्या नावावर चालतो. ज्या महाविद्यालयांची किंवा कंपन्यांची मेल गूगल वर्कस्पेसवर आहे त्यांची डोमेन नावं वेगळी असतात, पण सर्व्हर गूगलचाच असतो. पोस्टफिक्सला ते वेगळे वाटतात, गूगलला मात्र सगळं एकाच आयपीवरून आलेलं दिसतं. यादीत असे पत्ते बरेच असतील तर ३.१ आवृत्तीपासून आलेला ‘ट्रान्सपोर्ट रेट डिले’ वापरा. तो डोमेन न बघता पूर्ण ट्रान्सपोर्टचा वेग बांधतो.

शक्य असेल तर आणखी एक पाऊल पुढे जा आणि पोस्टमल्टी वापरून वार्तापत्रासाठी पोस्टफिक्सचा वेगळा इन्स्टन्स (स्वतंत्रपणे चालणारी दुसरी प्रत) चालवा. वेगळी क्यू, जमल्यास वेगळा आयपी, वेगळा सबडोमेन. पुन्हा प्रयत्न करण्याचं अंतर आणि पत्र क्यूत ठेवायची मुदत या सेटिंग पूर्ण इन्स्टन्ससाठी असतात, म्हणून वेगळा इन्स्टन्स हवा. त्यात किमान अंतर अर्ध्या तासावर न्या. एसएमटीपीचं (सर्व्हरांनी ईमेल पाठवायच्या पद्धतीचं) २००८ चं मानक, आरएफसी ५३२१, तेवढंच सुचवतं. क्यूतली मुदत मूळची पाच दिवसांची असते, ती एका दिवसावर आणा. वार्षिक सभेची सूचना पाचव्या दिवशी पोचून कुणाच्या उपयोगाची? पावत्यांचा इन्स्टन्स मात्र आहे तसाच राहू द्या.

वेग कमी करूनही ४२१ येत असेल तर

मग ओळखपत्रं तपासा. एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची नोंद), डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही), डीमार्क (ही तपासणी फसली तर काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि आयपीचं उलटं डीएनएस नाव (आयपीवरून सापडणारं नाव). फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त पत्रं जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना पाठवणाऱ्यांसाठी पहिल्या तिन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. उलटं नाव तर छोट्या प्रेषकालाही लागतं. शिवाय प्रचारपर पत्रांत एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. एकदा का ५,००० चा आकडा ओलांडला की गूगल तुम्हाला कायमचं मोठा प्रेषक धरतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात ४,००० पाठवून सुटका होत नाही. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या प्रेषकांसाठी अशीच अट आणली आहे.

‘बाहेर पडा’ ही लिंक लपवू नका. ती सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’ दाबतो, आणि त्याची किंमत यादीतल्या उरलेल्या सगळ्यांना मोजावी लागते.

जुनी यादी, मेलेले पत्ते

ग्रंथप्रदर्शनात वहीवर लिहून घेतलेले, वीस वर्षांपूर्वीच्या सभासद अर्जांतून उतरवलेले पत्ते प्रत्येक संस्थेकडे असतात. त्यात बंद पडलेली रेडिफमेल खाती असतात, ‘जीमेल’चं स्पेलिंग चुकलेलं असतं, शेवटचं ‘कॉम’ अर्धवट राहिलेलं असतं. मेलेल्या डोमेनशी जोडणीचा प्रयत्न मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद चालतो, आणि तेवढा वेळ पाठवणारी एक प्रोसेस अडकून बसते. अशा प्रोसेसची मूळ मर्यादा १०० असते. शे-दोनशे मेलेले डोमेन यादीत एका पाठोपाठ एक आले की चांगल्या पत्रांना प्रोसेसच उरत नाही.

५.१.१, म्हणजे ‘असा वापरकर्ता नाही’, हे उत्तर आलं की तो पत्ता त्याच दिवशी काढा. ४.२.२, म्हणजे ‘पेटी भरली आहे’, असं आलं तर दोन-तीन अंक वाट पाहा, मग काढा. बाउन्स (न पोचल्याचं सांगत परत येणारी पत्रं) वाचून टेबलात नोंद करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. हाताने हे कुणाकडूनच होत नाही. पत्ता काढायला समिती कचरते, कारण सभासदसंख्या कमी दिसेल असं वाटतं. सभासदाचं नाव नोंदवहीत राहू द्या, मेलेला पत्ता तेवढा पाठवायच्या यादीतून जाऊ द्या. जमलं तर त्यांना फोन करून नवा पत्ता घ्या. बहुतेकांना ते आवडतं.

पत्राचं वजन

पीडीएफ जोडू नका. ४ एमबीचा अंक बेस-६४ मध्ये (ईमेलमधून न्यायच्या सांकेतिक रूपात) गेल्यावर साडेपाच एमबीच्या जवळ जातो, आणि २५,००० प्रती म्हणजे १३० जीबीच्या वर. तेवढं क्यूच्या डिस्कवर लिहायचं आणि बाहेरही पाठवायचं. त्याऐवजी लिंक द्या.

मराठी मजकुराबाबत एक गोष्ट इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पत्र ‘कोटेड प्रिंटेबल’ पद्धतीने गेलं तर प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात, म्हणजे एका अक्षरचिन्हाला नऊ. बेस-६४ मध्ये तेच चारात भागतं. काना-मात्रा-वेलांट्या धरून दहा हजार चिन्हांचं वार्तापत्र एका पद्धतीत ९० केबी होतं आणि दुसऱ्यात ४० केबी. इंग्रजी मजकुराला कोटेड प्रिंटेबल सोयीचं, म्हणून बऱ्याच प्रणालींत तेच आधीपासून निवडलेलं असतं. मराठी मजकुरासाठी बेस-६४ करा. एका ओळीचा बदल आहे आणि क्यूचं वजन निम्म्याहून खाली येतं.

पत्र पोचल्यावरचा भार

सर्व्हर बसायचं हे दुसरं कारण बऱ्याचदा मेलच्या खात्यावर जमा होतं. पत्रं पोचतात, लोक लिंक उघडतात, आणि अंकाचं पान दर वेळी डेटाबेसमधून नव्याने तयार होत असतं. शिवाय अनेक कंपन्यांचे सुरक्षा स्कॅनर, माणसाने पत्र उघडायच्या आधीच त्यातल्या लिंक तपासून येतात. अंकाचं पान स्थिर एचटीएमएल करून ठेवा, पीडीएफ आणि चित्रं सीडीएनवर (फाइली वाटून देणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) टाका. पत्रं सहा तासांत पसरली की वाचकही तसेच पसरतात.

स्वतःचा मेल सर्व्हर ठेवावा का?

लॉग वाचणारं माणूस संस्थेत असेल तर जरूर. नसेल तर पाठवण्याचं काम रिले सेवेकडे (तुमच्या वतीने ईमेल पाठवणाऱ्या कंपनीकडे) द्या. क्लाउडवर बऱ्याच ठिकाणी ईमेल पाठवायला लागणारं २५ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या दिशेने बंदच असतं, तेव्हा तोच मार्ग उरतो. पण टेबल आणि वर्कर तरीही लागतातच. ॲमेझॉन एसईएस या रिले सेवेत नव्या खात्याला सुरुवातीला २४ तासांत २०० पत्रं आणि सेकंदाला एक एवढीच मुभा असते. मुभा वाढवून घेतल्यावरही सेकंदाची मर्यादा ओलांडली की ४५४ हा नकार येतो. वैयक्तिक जीमेलवरून दिवसाला ५०० आणि वर्कस्पेसवरून २,००० ही मर्यादा आहे, त्यामुळे तिथून वार्तापत्र काढायचा नाद सोडा.

रंगीत तालीम

नवी व्यवस्था थेट सभासदांवर तपासू नका. पोस्टफिक्सच्याच पोतडीत एसएमटीपी-सिंक नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो पत्रं स्वीकारतो आणि टाकून देतो. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर तो चालू करा, वार्तापत्राच्या इन्स्टन्सची सगळी पत्रं तिकडे वळवा आणि पूर्ण यादी सोडा. चारने सुरू होणारा नकार द्यायलाही त्याला सांगता येतं. त्या वेळात संकेतस्थळ उघडून बघा, एक पावती काढून बघा, ‘पाठवा’ पुन्हा एकदा दाबून बघा, मध्येच वर्कर मारून परत चालू करा. शेवटी टेबलातल्या ‘गेलं’ ओळी आणि लॉगमधली संख्या जुळवा. आकडे जुळले की खऱ्या यादीतल्या आधी शे-दोनशे नियमित वाचकांना पाठवा, लॉग नजरेखालून घाला, दुसऱ्या दिवशी हजार-दोन हजार. नवा आयपी असेल तर पहिले दोन-तीन अंक असेच टप्प्याटप्प्याने जाऊ द्या.